मुखरूभाऊंनी न बसवलेला तळ

मुखरूभाऊ माणसाकडे खालून वर बघायचे. आधी जोडा, मग पँटची घडी, आणि वेळ उरलाच तर तोंड. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चहाचा ठेला आणि पंक्चरवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचं टिनाचं दुकान होतं. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा वनखात्यात वनपाल होतो, अंगात खाकी होती. लोक खाकीकडे बघून उठायचे. मुखरूभाऊ उठले नाहीत. माझ्या पायांकडे बघत त्यांनी विचारलं, "डावा गुडघा दुखते का जी?"

गुडघा दुखत होता. घरीसुद्धा मी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

"टाच बाहेरून खाल्ली हाये तुमी," ते म्हणाले. "माणूस खोटं बोलते. टाच नाई बोलत."

मुखरूभाऊ गेल्या पौषात गेले. मी पंचाहत्तरीचा आहे. त्यांच्याबद्दल एक खोटी गोष्ट एकोणीस वर्षं ब्रह्मपुरीपासून जंगलातल्या गावांपर्यंत चालत राहिली: मुखरूनं कच्चा तळ बसवला आणि त्यापायी एका माणसाचा पाय गेला. ती गोष्ट मी सुरू केली. तोंडानं एकदा आणि कागदावर एकदा. म्हणून हे लिहिणं माझ्याकडेच येतं.

त्या काळी मी त्यांना 'अरे मुखरू' म्हणायचो. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना 'भाऊ' म्हणू लागलो ते फार उशिरा, आणि बरीच वर्षं तेही फक्त त्यांच्या पाठीमागे.

माझ्याकडे एक चांगला जोडा होता. नागपूरच्या एका जुन्या कारागिराकडून मापावर करून घेतलेला, घोट्याच्या वर येणारा, जाड चामड्याचा. पहिला तळ थोडा झिजल्यासारखा वाटला तसा मी तो मुखरूभाऊंकडे नेला. मला वाटलं, माणूस खूश होईल, साहेब वेळेवर आले म्हणेल. त्यांनी जोडा उलटा केला, तळाच्या मधोमध अंगठा दाबला, नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला.

"अजून तीन महिने घाला."

"अरे, झिजलाय ना?"

"झिजला हाये, मेला नाई. जित्या तळाले मी हात लावत नाई."

कधी यायचं हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवलं. अंगठा दाबून बघायचा. कच्च्या टेंभरासारखा टणक लागला तर घालत राहायचं. पिकलेल्या टेंभरासारखा दबला की त्याच आठवड्यात यायचं. "पहिले याल तं चामडं वाया. मागून याल तं जोडा वाया. मधातला एकच आठवडा तुमचा हाये." जंगलातल्या माणसाला टेंभुर्णीचं फळ दाबून बघायची सवय असतेच. ती खूण मी आजही विसरलेलो नाही. विसरलो असतो तर माझ्याजवळ निदान एक सबब असती.

चांगल्या जोड्यात वरचं चामडं आणि खालचा तळ एकमेकांना थेट जोडलेले नसतात. मध्ये चामड्याची एक अरुंद पट्टी कडेकडेनं फिरवलेली असते. वरचं चामडं पट्टीला शिवतात आणि पट्टी तळाला. तळ संपला की खालचे टाके उसवायचे आणि नवा तळ त्याच पट्टीला शिवायचा. वरच्या जोड्याला काही झाल्याचं कळतही नाही. मुखरूभाऊंचा सगळा जीव त्या पट्टीत. नव्या तळाचं चामडं ते रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी दगडावर ठोकून घट्ट करायचे. मधली पोकळी आरा मशीनवरून आणलेल्या सागाच्या बारीक भुशानं, खळीत कालवून, भरायचे. दोऱ्याला रानातलं मेण. आणि टाका जुन्याच भोकातून. नवं भोक पाडायचं नाही.

"काऊन?" असं एकदा पंक्चरवाल्यानं त्यांना मुद्दाम छेडून विचारलं. "नवं भोक पाडलं तं काय पाप लागते का?"

"तुह्या ट्यूबले किती ठिगळं हायेत?"

"माझ्या नाई, गिऱ्हाइकाच्या."

"तं गिऱ्हाईक चालते का ढकलते?"

पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात बुडवली. मुखरूभाऊ आरी भोकात घालत म्हणाले, "पट्टीची चाळणी झाली का मंग तिच्यात पीठ चाळा. पाय घालू नका."

घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्यांचं कधीच जमलं नाही. एका बँकेचे मॅनेजर होते, नवीन बदलून आलेले. दुपारी जोडा दिला आणि संध्याकाळी हवा म्हणाले. मुखरूभाऊंनी स्वतःच्या पायातल्या टायरच्या चपला काढून त्यांच्यापुढे सरकवल्या. "चार दिवस हे घाला. बँक तुमच्या पायावर चालते का डोस्क्यावर?" चार दिवस ते मॅनेजर टेबलाखाली पाय लपवून बसले. शिपायानं ही बातमी गावभर केली. पाचव्या दिवशी जोडा मिळाला तेव्हा मॅनेजरांनी तो दोन्ही हातांनी धरून उलटासुलटा पाहिला आणि नंतर आपल्या नागपूरच्या भावाचेही दोन जोडे पाठवले.

मुखरूभाऊ गोड बोलणारे नव्हते. फॅशनचा साच्यातला जोडा कोणी आणला तर "हा जोडा नाई, डब्बा हाये. फुटला का फेका," म्हणून बाजूला सारायचे. आणणाऱ्याला वाईट वाटेल याची पर्वा नसायची. एकदा कॉलेजातल्या एका नवीन प्राध्यापिकेला ते असंच म्हणाले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो जोडा तिच्या वडिलांनी घेऊन दिलेला होता. मुखरूभाऊंनी मान वर केली नाही. "वडिलायले सांगा, पोरीवर जीव हाये तं चामड्याचा घेऊन द्या." मला तेव्हाही वाटलं होतं, या माणसाला एकदा कोणीतरी गप्प करायला हवं.

गार्ड, पोलीस, लाइनमन, दिवसभर पायावर असणारे सगळे त्यांच्याकडे यायचे. आमच्या राउंडच्या, म्हणजे माझ्या हद्दीतल्या, गार्ड लोकांचे जोडे दर वर्षी पावसाळ्याआधी त्यांच्याकडेच जायचे. जंगलातल्या गावांमध्ये 'मुखरूचा तळ' ही एक बोलण्याची रीतच होऊन बसली होती. सोयरीक जमवताना एखाद्या पोराबद्दल म्हणायचे, "मुखरूचा तळ हाये, दहा वर्षं हालत नाई."

माझ्या जोड्याला त्यांनी तीन तळ बसवले. चौथ्या वेळी गोष्ट बिघडली.

त्या वर्षी दिवाळीतच अंगठ्याखाली तळ दबू लागला होता. मला कळलं होतं. पण धानाच्या बांध्यांमधून रानडुकरांच्या नुकसानीचे पंचनामे करत हिंडणं चालू होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चिखलात, दवात, तसाच चालत राहिलो. माघात ब्रह्मपुरीला गेलो तेव्हा तळाला आरपार भोक होतं.

मुखरूभाऊंनी जोडा उलटा केला. अंगठा दाबलाच नाही. रापीच्या, म्हणजे चामडं कापायच्या सुरीच्या, टोकानं कडेची पट्टी जराशी उचलली, तर ती भिजलेल्या पोळीसारखी तुटून त्यांच्या हातात आली.

"राउंडसाहेब, तुमी तळावर नाई, पट्टीवर चालून आले."

"मग?"

"मंग पट्टी नवी. वरचे टाके बी नवे. वल्लं करा, लाकडाच्या पायावर, कलबुतावर चढवा, सावलीत वाळवा. होळी झाल्यावर न्या."

"होळीला जंगल पेटतं, मुखरू. मला आत्ता पाहिजे. नुसता तळ लावून दे, पट्टीचं नंतर बघू."

"कशाले लावू? टाक्याले धरायले जागाच नाई."

"सुलोचननं चिकटव."

चहाच्या ठेल्यावर बसलेले दोघंतिघं हसले. सुलोचन म्हणजे चपला चिकटवायचं सोल्युशन. मुखरूभाऊंकडेही त्याचा एक डबा असायचा, शाळेच्या पोरांच्या चपलांसाठी.

"सुलोचनाबाई मोठी नाजूक हाये जी," ते म्हणाले. "शायेत जाते, बँकेत जाते. आगीत तुमच्यासंगं येनार नाई. गरम झालं का सोडून जाते."

आता सगळा ठेलाच हसला. मला ते हसणं माझ्यावर वाटलं. "नखरे बस झाले," मी म्हटलं. "जोडे शिवतोस, डॉक्टर नाहीस तू."

"डाक्टर तरी खोटं बोलते. पाय जाईल असं तोंडावर सांगत नाई. मी सांगून राह्यलो." त्यांनी जोडा माझ्यापुढे ठेवला. मग त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "आन एक आयका. दुसऱ्याकडून लावून आनाल, तं माझं नाव नका सांगू."

मी जोडा उचलून निघालो. स्टँडच्या मागे एक जण बसायचा. त्यानं अर्ध्या तासात रबराचा जाड तळ चिकटवून दिला, कडेला काळा रंग मारला. वरून बघणाऱ्याला शंकाही आली नसती. जोडा नव्यासारखा दिसत होता, आणि मुखरूच्या दुकानासमोरून तो घालून जावं असं मला वाटलं. मी गेलोही. त्यांनी बघितलं की नाही, ठाऊक नाही.

मार्चमध्ये खात्याकडून नवे बूट आले. रोजंदारीवर लावलेल्या आग राखणाऱ्यांनाही ते द्यायचे होते, पण जोड कमी आले. जे आले त्यातला एक मी घेतला. आमच्याकडे लालसू नावाचा गोंड माणूस आगीच्या कामावर होता. तिशीचा, काटक. वारा कुठून फिरणार हे त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळायचं. त्याच्या पायात प्लॅस्टिकचे जोडे होते. मी माझा जुना जोडा त्याला देऊन टाकला.

त्यानं तो हातात घेतला, तळावरून बोट फिरवलं. "मुखरूचा हाये का जी?"

मी म्हणालो, "मुखरूचाच."

का म्हणालो? खूप वेळा विचार केला आहे. नाही म्हटलं असतं तर तोही त्यानं घेतलाच असता, जरा जपून वापरला असता एवढंच. पण मला माझं देणं मोठं दिसायला हवं होतं. आणि मुखरूनं मला परत पाठवलं, हे लालसूसारख्या माणसापुढेही तोंडातून काढायचं नव्हतं. एका शब्दाचं खोटं. बोलताना जड वाटलं नाही.

मार्चच्या शेवटी मोह गळायला लागतो. फुलं वेचायला जमीन साफ हवी म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि एखादी पेटवण हातातून सुटते. त्या दिवशी तशीच सुटली. दुपारचे दोन वाजले असतील. आम्ही सात जण जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर, होतो. हिरव्या फांद्यांनी झोडपून आग बरीचशी बसवली होती. उरले होते ते निखारे. बांबूच्या एका कोसळलेल्या बेटाजवळ ते वाऱ्यानं पुन्हा फुलू लागले, आणि पलीकडे सगळा वाळलेला पाला होता. लालसू पुढे गेला. प्लॅस्टिकच्या जोड्यानं तो कधी गेला नसता. पायात मुखरूचा तळ आहे म्हणून तो निखाऱ्यांवर उभा राहून टाचेनं, चवड्यानं ते विझवू लागला.

मी वीस पावलांवर होतो. उजव्या जोड्याचं टोक उघडलेलं मला दिसलं. तोंड उघडावं तसं. मी ओरडलो. त्यानं पाय उचलला तेव्हा तळ खालीच राहिला, आणि तोल सांभाळायला त्यानं पाय पुन्हा टेकवला.

पुढचं फार लिहीत नाही. आम्ही त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यात त्याच्या उजव्या पायाची तीन बोटं आणि त्यांच्या मागचा चवड्याचा भाग काढावा लागला.

चौकशी लागली. आग राखणाऱ्याला बूट का दिला नव्हता, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्या पायात होतं. माझ्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. अहवाल मलाच लिहायचा होता. मी लिहिलं: 'सदर इसमास चामडी जोडा पुरविण्यात आला होता. सदर जोडा दुरुस्तीकामी ब्रह्मपुरी येथील मुखरू यांजकडे देण्यात आला होता. तळ निघाल्याने इजा झाली.'

तीन वाक्यं, आणि तिन्ही खरी आहेत. मी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि प्रत्येक वेळी मला आतून हायसं वाटलं, की यात खोटं काहीच नाही.

कागद वर गेला, पण त्याच्या आधी बातमी गावात पोचली. गार्ड लोकांनी जोडे न्यायचं थांबवलं. मग पोलिसांनी. चहाच्या ठेल्यावर लोक मुखरूला ऐकू जाईल असं बोलू लागले. लालसूची बायको जळलेला जोडा घेऊन ब्रह्मपुरीला आली आणि तो तिनं भर रस्त्यात मुखरूभाऊंच्या अंगावर फेकला. लोक सांगतात, त्यांनी तो उचलला, उलटा केला, आणि कडेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग तिला म्हणाले, "बाई, हा माझ्यापाशी राहू दे. दोन दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या ऑफिसात आले. चार गार्ड बसलेले होते. मुखरूभाऊंनी पिशवीतून जोडा काढून माझ्या टेबलावर कागदांच्या मधोमध ठेवला. जळक्या चामड्याचा वास खोलीभर पसरला.

"राउंडसाहेब, हा तळ कोनाचा?"

मी गार्डांकडे बघितलं नाही. "जोडा तुझ्याकडे दिला होता की नाही?"

"दिला होता."

"मग झालं तर."

"दिला होता हे खरं. परत नेला हेबी खरं. अर्धंच काऊन लिवलं?"

"कागद पुढे गेला आता, मुखरू."

"कागद गेला. तुमी तं इथीच हाये ना?"

  मुखरूभाऊ टेबलाशी वाकले आणि त्यांनी जळक्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथी टाक्याचं एक तरी ताजं भोक दाखवा. एक. दोऱ्याचा धागा दाखवा. मी तळ बसवलो असतो तं धागा जळून काळा झाला असता, पण भोकात राह्यला असता." मग गार्डांकडे वळले. "तुमी तं पाहा रे. तुमच्या पायात माझे तळ हायेत."

त्यांच्यापैकी एकानं मान वळवून आपला पाय खुर्चीखाली ओढून घेतला. बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी बोललो असतो तर त्या क्षणी सगळं मिटलं असतं. त्यांनी वाट बघितली. मी फाईलची दोरी बांधत राहिलो.

"बरं," मुखरूभाऊ म्हणाले. बस, एवढंच. जोडा टेबलावर तसाच ठेवून निघून गेले. तो त्या बाईला परत करायचा होता; कदाचित त्यांना वाटलं असेल की मी तो चौकशीत दाखवीन. मी शिपायाला सांगून तो मागच्या उकिरड्यात जाळून टाकला. पट्टी, भोकं, सगळं.

हे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं.

त्यानंतर मुखरूभाऊंनी जे केलं त्याला लोक दया म्हणतात. मला ती दया वाटत नाही. ते बस धरून लालसूच्या गावी गेले. त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं, तर अंगणात बसून राहिले. संध्याकाळी लालसू स्वतः कुबडी घेऊन बाहेर आला. मुखरूभाऊंनी त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलनं माप घेतलं. बोटं नसलेल्या पायाचा जोडा करणं सोपं नाही. पुढची जागा भरून घ्यावी लागते, नाहीतर माणूस अडखळतो. दोन जोडे बिघडले, तिसरा बसला. त्याचा तळ ते दर दोनेक वर्षांनी बदलून देत राहिले. लालसू आठवड्याच्या बाजाराला यायचा, तर त्याला म्हणायचे, "मधातून चाल. कडंकडंनं जाऊ नको. लोकायले दिसू दे मुखरूचा तळ कसा असते ते." हा माणूस भांडत होता. माझ्या तीन वाक्यांशी बाजारभर भांडत होता, दुसऱ्याच्या पायानं.

पण कागदाची गोष्ट मोठी असते. बसस्टँडचं दुकान चार वर्षांत मोडलं. मुखरूभाऊ नदीकडच्या आपल्या गावी परत गेले आणि बाजाराच्या दिवशी गोणपाट टाकून बसू लागले, चपलांचे अंगठे शिवायला. हे सगळं मला निवृत्तीनंतर एका जुन्या गार्डनं वरोऱ्याला माझ्या घरी बसून, हसत हसत सांगितलं. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

अशी वर्षं काढता येतात. मी काढली. गेल्या वर्षी साखरेमुळे माझ्या पायाला जखम झाली. अंगठा काढावा लागेल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे मी पलंगावर बसून तो अंगठा बघत होतो. शेवटी तो वाचला. पण इतक्या वर्षांत मी लालसूकडे एकदाही गेलो नव्हतो, हे मला त्या तीन आठवड्यांत मोजून मोजून आठवत राहिलं. मी एक निवेदन लिहून टाइप करून घेतलं, खात्याला पाठवायला, आणि त्याची प्रत घेऊन मुखरूभाऊंच्या गावी गेलो.

बाजाराचा दिवस होता. ऐंशी ओलांडलेले मुखरूभाऊ गोणपाटावर बसले होते. एका डोळ्यानं अधू, हात मात्र स्थिर. त्यांच्या शेजारी लालसू उकिडवा बसला होता, केस पांढरे झालेले. मी आधी त्याच्यासमोर हात जोडले. सांगायला लागलो तर तो म्हणाला, "मले माहीत हाये जी. भाऊनं तेव्हाच सांगलं होतं, धागाच नाई म्हनून."

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"मले कोनं विचारलं?"

खरंच होतं. त्या अहवालात लालसूचा जबाब नव्हता. ज्याचा पाय गेला त्याला आम्ही काही विचारलंच नव्हतं.

मुखरूभाऊंनी मला ओळखलं होतं. 'बसा' म्हणाले नाहीत. "कागद आनला का?"

"आणलाय, भाऊ."

'भाऊ' ऐकून त्यांनी आरी खाली ठेवली. "वाचा."

मी खाली बसलो आणि हलक्या आवाजात वाचायला लागलो. 'सदर जोडा मुखरू यांनी दुरुस्तीस नाकारून परत केला होता. त्यानंतर तळ अन्य ठिकाणी चिकटवून घेण्यात आला व तो मुखरू यांचाच असल्याचे सांगण्यात आले.'

"थांबा," ते म्हणाले. "कोनं चिकटवून घेतला?"

"मी."

"आन माझा हाये म्हनून कोनं सांगलं?"

"मीच, भाऊ."

"मंग 'मी' कुठी हाये त्याच्यात? 'घेण्यात आला', 'सांगण्यात आलं'. जसं भूत येऊन करून गेलं." लालसू हसला. मुखरूभाऊ हसले नाहीत. "मी चवथीच शिकलो साहेब, पण एवढं समजते. लिवा नीट."

मी खिशातून पेन काढलं. टाइप केलेल्या ओळी खोडल्या. गुडघ्यावर कागद ठेवून वर लिहिलं: 'मी दुसऱ्याकडून चिकटवून घेतला. मी लालसूला खोटं सांगितलं. मी अहवालात अर्धंच लिहिलं. जळका जोडा मी नष्ट केला.' शेवटचं वाक्य मूळ कागदात नव्हतंच.

"आता उभे राहा. मोठ्यानं वाचा."

"इथं?"

"मले इथीच म्हनत होते ना लोक."

मी उभा राहिलो. वाचलं. पहिली ओळ पुटपुटलो, तर ते म्हणाले, "पहिल्यापासून." वांगी विकणारी बाई, मासळीवाला, दोन सायकलवाले, असे पंधरा-वीस जण थांबले. कोणीतरी म्हणालं, "एवढ्या वर्षानं आता काऊन सांगता बा?" मी पुढची ओळ वाचली. वाचून झाल्यावर मी कागद मुखरूभाऊंना दिला. त्यांनी तो घडी करून बंडीच्या खिशात घातला. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी माफी मागितलीही नाही. त्या बाजारात ती मागायची माझी छाती झाली नाही.

खोडलेला कागद नीट करून खात्याला पाठवला आहे. पोच आलेली नाही. त्या दिवशी खरं ऐकणारे पंधरा-वीस होते आणि माझं खोटं ऐकून मुखरूभाऊंना वाईट म्हणणारे शेकड्यांनी होते. म्हणून हे इथं लिहिलं.

त्या दिवशी मी परतीच्या काली-पिली जीपमध्ये खिडकीशी बसलो. गाडी भरायला वेळ होता. तेवढ्यात उशिरा आलेले काही लोक मुखरूभाऊंच्या गोणपाटाभोवती जमले, आणि मुखरूभाऊ त्यांना पहिल्यापासून सांगू लागले. शब्द ऐकू येत नव्हते. हातात आरी होती आणि हात हवेत चालत होता: जोडा उलटा केला, पट्टी उचलली, परत दिला. मग त्यांनी आरीचं टोक सरळ आमच्या गाडीकडे केलं. सगळ्या माना वळल्या. ड्रायव्हरनं चावी फिरवली होती. मी म्हटलं, "जरा थांब बाबा." आणि काच पूर्ण खाली घेतली.